जीपच्या सपाता

त्या गल्लीत तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. सगळे तिला ठाकठोक वहिनी म्हणायचे. तिजोऱ्यांच्या कारखान्यातून सकाळी हातोड्याचा आवाज आला की समोरचा न्हावी म्हणायचा, "वहिनी कामाला लागल्या," आणि आवाज थांबला की म्हणायचा, "वहिनी बोलायला लागल्या." दोन्ही एकदम तिला जमत नसे, तेवढाच गल्लीला विसावा.

वहिनी शिंप्याची लेक. माहेरी सुई, कात्री, टेप आणि खडूची वडी यांच्यात वाढलेली. लग्न होऊन आली ती तिजोऱ्या बनवणाऱ्यांच्या घरात. तिथे सुई शोधून सापडत नव्हती आणि पत्रा मात्र जिन्याखाली, पलंगाखाली, मोरीच्या दाराआडसुद्धा उभा. खाली कारखाना, वर घर. सासरे, म्हणजे आप्पा, सकाळी जिना उतरायचे ते जेवायलाच वर यायचे. एकदा ती चहा घेऊन खाली गेली, तर तिचे अहो पत्र्यावर थेट खडूने रेघा मारून कापायच्या बेतात होते आणि चांगला हातभर तुकडा वाया जाणार होता. तिला राहवेना. शिंप्याच्या घरात वाढलेलं माणूस कापड वाया जाताना बघू शकत नाही, मग ते लोखंडाचं का असेना. तिने कपबशी ठेवली, कालचं वर्तमानपत्र ओढलं, कात्री मागितली आणि कागदाचे तुकडे कापून पत्र्यावर असे काही मांडले की कोपराही वाया गेला नाही. आप्पांनी चष्मा वर केला, कागद उलटसुलट करून पाहिले, आणि चहा पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून खाली ये." अहो म्हणाले, "बरं." अहो प्रत्येक गोष्टीला बरंच म्हणतात, त्यामुळे या गोष्टीत त्यांचं फारसं काही येणार नाही.

तेव्हापासून वहिनी खालीच. केस पांढरे व्हायला लागले, तळहाताला घट्टे पडले, पण तोंडाचा पट्टा सुरू तो सुरूच.

आता तिजोरीवाल्यांचं घर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. या घराचा धंदा एकच, अडवणं. चोराला अडवा, आगीला अडवा, पाण्याला अडवा. भिंत जाड, कोपरा पक्का, दार असं की फटीत सुरीचं टोकसुद्धा शिरू नये. वरून हिरवा रंग, आप्पांच्या हातचा, हातावर हात. आणि ओरखडा म्हणाल तर नावाला नाही. ओरखडा पडलेली तिजोरी आप्पांनी उभ्या जन्मात दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. एकदा गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या हो, मागच्या बाजूला तर आहे. आप्पांनी त्यालाच बाहेर बसवलं आणि मागची बाजू पुन्हा रंगवली.

अशा घरात वन्सं निघाल्या जीपवाल्या. वन्सं म्हणजे अहोंची थोरली बहीण, वहिनीची नणंद. नणंद-भावजयीचं नातं कसं असतं ते मी सांगायला नको. या दोघी सकाळी एकमेकींची उणीदुणी काढल्याशिवाय दात घासत नसत आणि एकीला शिंक आली तर दुसरी काढा उकळायला धावे. वन्सं पलीकडच्या दगडखाणीवर जीप चालवायच्या. जुनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली जीप, आणि तिच्यावर वन्संचा जीव.

खाणीवर एकदा एका कामगाराचा पाय दगडाखाली सापडला. वर जायचा रस्ता खचला होता आणि ओढ्यातून जीप वर नेईल असं डोंगरातल्या बचाव पथकाकडे त्या दिवशी कुणी नव्हतं. तो माणूस दुपारभर कण्हत पडला होता आणि वन्सं खाली जीपपाशी उभ्या होत्या, कारण त्यांनाही तो ओढा चढता येत नव्हता. माणूस वाचला, पण वन्संनी ते मनाला लावून घेतलं. त्या पथकात जायचं आणि तो ओढा चढायचा, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात बसलं.

पथकात जायचं तर परीक्षा. आपली गाडी घेऊन कोरड्या ओढ्यातून वर जायचं, दगडधोंड्यांतून, कुठे न अडकता, काही न मोडता. वन्सं दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीने घात केला. जीपच्या मागच्या चाकांमध्ये एक आडवा जाड दांडा असतो, एक्सल. त्या एक्सलला डावीउजवीकडे खालच्या बाजूने लोखंडाचा एकेक कान वेल्ड केलेला असतो आणि गाडीचे हादरे झेलणारा शॉक त्या कानात बोल्टने अडकवलेला असतो. हा कान असतो सगळ्यांत खाली, लोंबता, उघडा. सगळी गाडी दगड चुकवते आणि कान नेमका त्यावर जाऊन आपटतो. पहिल्या वर्षी डावा कान गेला, दुसऱ्या वर्षी उजवा.

दुसऱ्यांदा जीप लंगडत दारात आली तेव्हा आप्पा म्हणाले, "पोरी, आता तरी कानाला खडा लाव."

"खडा लागला म्हणूनच तर कान तुटला, आप्पा," वन्सं म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पथकाचा नियम होता, तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा कान तुटला की ओढा कायमचा बंद.

ते पाणी वहिनीने पाहिलं. तिने हातातला हातोडा खाली ठेवला. "तुमच्या कानाची जबाबदारी माझी, वन्सं," ती म्हणाली. "यंदा तुटला तर माझे उपटा."

बाजारात अशा कानांखाली लावायचे तयार पत्रे मिळतात. वन्संनी एक जोडी आणलीही होती. पण ती निघाली दुसऱ्याच जातीच्या गाडीची. लावून पाहिली तर पत्रा कानापेक्षाही खाली लोंबायला लागला, म्हणजे दगडाला आपणहून आमंत्रण. वहिनीने तो काढून भंगारात टाकला आणि म्हणाली, आपण घरीच करू, आपल्याला काय कमी आहे.

त्या पत्र्याला बाजारात, खाणीवर, सगळीकडे ढाल म्हणतात. या एका शब्दाने वहिनीला फसवलं. ढाल म्हटल्यावर तिजोरीवाल्यांच्या अंगात काय संचारलं विचारू नका. आप्पांनी सर्वांत जाड पत्रा काढला. वहिनीने कागद कापले. चार भिंती, खाली तळ, सगळे कोपरे भरून वेल्ड केलेले, आणि ते सगळं कानालाच बोल्टने घट्ट आवळलेलं. आप्पांनी वरून घण घातला, ढाल हलली नाही. मग त्यांनी हिरवा रंग दिला, हातावर हात. जीपखाली दोन छोट्या तिजोऱ्याच टांगल्या म्हणा ना. वहिनी गल्लीभर सांगत सुटली, आता डोंगर आला अंगावर तरी बिशाद नाही.

वन्सं सरावाला गेल्या आणि तासाभरात परत आल्या, ओढगाडीच्या मागे. वहिनी धावत बाहेर आली. वन्सं खाली उतरल्या. त्यांनी जीपच्या मागून ढाल काढली आणि वहिनीच्या हातात दिली. ढालीला साधा पोचाही नव्हता. आतला कानही एकदम सुखरूप होता. फक्त तो आता एक्सलला नव्हता, ढालीत होता. पहिल्याच दगडावर ढाल जाऊन भिडली, ढालीने दगडाला अडवलं, दगडाने जीपला अडवलं, आणि दोघांच्या भांडणात कान मुळासकट उपटला गेला.

"छान अडवलं हो," वन्सं म्हणाल्या. "परीक्षेला मी तशीच जाते, वहिनी. बिनढालीची. निदान जितकी जाईन तितकी जाईन."

असं बोलून त्या वर निघून गेल्या, आणि त्या दिवशी त्या दोघी एकमेकींशी भांडल्या नाहीत. घरात इतकी शांतता कधी नव्हती. वहिनीने कान पुन्हा वेल्ड केला, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जबाबदारी माझी म्हणून छाती ठोकून सांगितलेलं, आणि परीक्षा येत्या रविवारी.

दुसऱ्या दिवशी एका सोनाराची तिजोरी पोहोचवायची होती. तिजोरी हलवायची या कारखान्यात जुनी पद्धत होती. जाड पत्र्याचा एक लांबट तुकडा, पुढचं टोक वर वळवलेलं. त्यावर तिजोरी ठेवायची, टोकाच्या भोकांतून दोर ओवायचा आणि ओढायचं. वर वळलेल्या टोकाची जुनी चप्पल असते ना, तशी दिसते म्हणून त्या पत्र्याला सगळे सपात म्हणत. आप्पांनी ती ऐन तारुण्यात वळवली होती. तिला रंग कधी लागला नाही. तळ घासून घासून चकचकीत झालेला, सगळीकडे ओरखडेच ओरखडे. काम झालं की पायाने दाराआड सारायची वस्तू ती. तिला वस्तू तरी कोण म्हणतं.

"ओढ," आप्पा मागून म्हणाले. वहिनीने आणि अहोंनी दोर ओढला. उंबरा आला. सपातेचं वळलेलं टोक उंबऱ्याला लागलं, खर्र करत वर चढलं, आणि तेवढी मोठी तिजोरी गुमान त्याच्यामागे उंबरा ओलांडून गेली.

वहिनीने दोर सोडून दिला. अहो एकटेच दोराला लोंबकळत राहिले. वहिनी तिथेच उंबऱ्यावर बसली, दोन्ही हात डोक्याला.

"काय झालं गं, पाय मुरगळला?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, उंबरा अडला नाही."

"तो कशाला अडेल? सपात आहे ना खाली."

"तेच म्हणतेय मी." आता वहिनीच्या तोंडाचा जो पट्टा सुटला त्याला सोनाराची माणसंसुद्धा थांबवू शकली नाहीत. "आपण त्या दगडाला चोर समजलो, आप्पा. त्याला आत येऊ द्यायचं नाही म्हणून भिंत बांधली. अहो, तो कुठे आत यायला निघालाय, तो बिचारा जागचा हलत नाही. तो उंबरा आहे. त्याच्यावरून आपल्याला जायचंय. जन्मभर इथे बसून तिजोऱ्या उंबऱ्यावरून नेल्या आणि जीपखाली मात्र तिजोरी बांधली. माझ्या अकलेला काय म्हणावं."

"सपात म्हणजे काय वस्तू आहे का?" आप्पा म्हणाले. "आधी तिजोरी गाडीत चढवा." पण तिजोरी गाडीत चढल्यावर त्यांनी सपात दाराआड सारली नाही. तिला उलटी करून बराच वेळ तिच्या तळाकडे बघत राहिले.

दुपारी वहिनी पुठ्ठे घेऊन जीपखाली शिरली. आता तिच्या हातात बळ आलं होतं. एक्सलखालून कानाच्या बाहेर, थोडी पुढे, थोडी मागे अशी सपात तिने पुठ्ठ्यात कापली, लावून पाहिली, काढली, पुन्हा कापली. ढालीच्या वेळी आणखी एक चूक झाली होती, तीही तिला आता दिसली. तिचे वडील सांगायचे, ओझं काजावर टाकायचं नाही, पट्ट्यावर टाकायचं, नाहीतर काज फाटतं. आणि तिने ढालीचं सगळं ओझं बिचाऱ्या कानावर टाकलं होतं. आता सपात कानाला लावायचीच नाही. ती एक्सललाच दोन जाड पट्ट्यांनी कमरेसारखी आवळायची, म्हणजे दणका जाड दांड्यावर जाईल आणि कान मध्ये नुसता सुखाने बसेल. बोल्टांची डोकी पत्र्यात बुडवायची, म्हणजे तीही कुठे अडायची नाहीत. चिखल साचू नये म्हणून तळाला भोकं. ती जीपखालून हे सगळं ओरडून सांगत होती, अहो बरं म्हणत होते, आणि वन्सं जिन्यात उभ्या राहून ऐकत नसल्यासारखं करत ऐकत होत्या.

अडलं ते पत्र्यापाशी. तिजोरीचा पत्रा कडक. तो वाकवला की वळणाशी तडा धरतो. चिवट पत्रा हवा होता, आणि तसा कारखान्यात एकच तुकडा होता. वहिनीची विचारायची हिंमत होईना. ती नुसतीच इकडचं तिकडे उचलत राहिली, आणि एवढा वेळ गप्प राहिली की न्हावी दुकानातून बाहेर येऊन डोकावून गेला.

आप्पाच उठले. त्यांनी सपात बाकावर ठेवली, खडू घेतला आणि लांबीवर मधोमध सरळ रेघ मारली. "काप," ते म्हणाले. "दोन होतील. दोन्हींना माझं पुढचं वळण राहील."

"आणि तिजोऱ्या कशावर हलवायच्या?"

"तुझ्या डोक्यावर. काप आता, नाहीतर माझा विचार बदलेल."

वहिनीने गॅसकटर पेटवला. सपातेच्या दोन सपाता झाल्या, एक डावी, एक उजवी. पण तिने भट्टीही पेटवली तेव्हा आप्पांनी भुवया चढवल्या. वळण आहे की, आता भट्टी कशाला?

"मागचं टोकही वळवते, आप्पा."

"तिजोरी कधी मागे जाते का?"

"तिजोरी जात नाही. जीप जाते."

"चांगल्या पत्र्याला उगीच ताव देऊ नको, सूनबाई. वळणाशी कमजोर होईल. मी पन्नास वेळा गरम करून हळूहळू आणलं होतं ते."

वहिनीचा हात क्षणभर थांबला. आप्पा पत्र्याबद्दल बोलले आणि चुकले, असं कधी झालं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ओढ्यात मागे येणारी जीप होती. तिने पत्रा भट्टीत सारला. लाल झाला की जाड नळीवर ठेवून चार हलके ठोके, पुन्हा भट्टी, पुन्हा चार ठोके. आप्पा बाकावर बसून बघत राहिले. मग म्हणाले, "रंगाचा डबा काढू?" वहिनी म्हणाली, "रंग पहिल्या दगडावरच जाईल." त्यावर ते जे रुसले, ते शनिवारपर्यंत.

शनिवारी सपाता जीपला घातल्या. वन्संनी खाली वाकून पाहिलं, हात फिरवला. "मापात आहेत," त्या म्हणाल्या. "चावत तर नाहीत ना, विचार जीपला."

"चावल्या तर तुम्हालाच चावतील," वहिनी म्हणाली, आणि दोघींचं सकाळपासून राहिलेलं भांडण एकदाचं सुरू झालं. घराला बरं वाटलं.

रविवार उजाडला. ओढ्याच्या काठावर माणसंच माणसं जमलेली. परीक्षा घेणारे पथकाचे प्रमुख गळ्यात शिट्टी घालून दगडावर उभे, त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणत. गाडी अडली किंवा काही मोडलं की एक शिट्टी, आणि माणूस घरी. वहिनी चढावाच्या अगदी काठाशी जाऊन उभी राहिली. आणि आश्चर्य म्हणजे आप्पा आले होते. आधीच्या दोन्ही वेळा ते घरीच बसले होते. आज त्यांनी घडीची खुर्ची मांडली, तीही ओढ्याकडे पाठ करून.

"असं कसं दिसणार तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

"बघवत नाही मला. मी ऐकतो."

वन्संची जीप ओढ्यात उतरली. पहिले दगड लहान होते, ते चाकांनीच खाल्ले. मग पायऱ्यांसारखी रांग आली. जीप तिरपी झाली, मागचं चाक घसरलं, आणि डाव्या बाजूने आवाज आला, खर्रर्रर्र. लांबलचक, कानात जाणारा. काठावरच्या सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. शेजारचा एक गृहस्थ, नव्या कोऱ्या गाडीवाला, कळवळून म्हणाला, "अरेरे, गेलं सगळं."

"अरेरे काय, वाजू द्या," वहिनी म्हणाली आणि टाळ्या वाजवायला लागली. तो गृहस्थ तिच्याकडे बघतच राहिला. पण वहिनीला माहीत होतं. टक्क असा आवाज आला आणि पुढे शांतता झाली की समजायचं कान गेला. खरवडल्याचा आवाज आला की समजायचं जीप पुढे गेली. उजवीकडून खर्र, टाळ्या. डावीकडून खर्र, टाळ्या. ती नुसती नाचत होती. आप्पा पाठमोरेच प्रत्येक आवाजाला बोट खुर्चीवर आपटत होते.

मग आली म्हैस. ओढ्यात मधोमध एक काळा, रुंद पाठीचा दगड बसलेला होता, त्याला पथकवाले म्हैस म्हणत. मागच्या दोन्ही वेळा वन्संचा कान इथेच गेला होता. जीपची पुढची चाकं चढली, उतरली. जीपचं पोट म्हशीवर आलं. मागची चाकं पुढे सरकली आणि एक्सल दगडाला भिडला. क्षणभर काहीच वाजलं नाही. वहिनीच्या टाळ्या हवेतच राहिल्या. मग आप्पांचं जुनं वळण दगडाच्या कडेला लागलं, वर चढलं, आणि खर्रर्रर्र करत जीप म्हशीवरून पलीकडे गेली.

"गेली," आप्पा पाठमोरे म्हणाले. "गेली ना?"

"गेली, आप्पा, गेली." वहिनी रडत होती आणि तिला कळतही नव्हतं.

एवढ्यात शिट्टीवाल्यांनी हात वर केला. शिट्टी नाही वाजवली, नुसता हात. "बाई, वर रस्ता बंद आहे असं समजा," ते ओरडले. "गाडी वळवायला जागा नाही. जखमी माणूस गाडीत आहे. आल्या वाटेने मागे घ्या."

हे आधीच्या कुठल्याच परीक्षेत नव्हतं. काठावर कुजबुज झाली. वन्संनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि गर्दीत कुणाला शोधलं तर वहिनीला. तोंडाने काही विचारलं नाही. वहिनीने मान डोलावली. पुढचं वळण आप्पांचं होतं, त्याने उभा जन्म तिजोऱ्या वाहिल्या होत्या. मागचं वळण तिचं, चार दिवसांचं, भट्टीतून घाईने काढलेलं. आप्पांना ते नकोच होतं.

आप्पांनाही ते कळलं. ते खुर्चीतून उठले आणि पहिल्यांदाच ओढ्याकडे तोंड करून उभे राहिले.

जीप मागे यायला लागली, इंचाइंचाने. मागची चाकं म्हशीवर चढली, अलीकडे उतरू लागली, आणि सगळ्या जीपचं वजन घेऊन एक्सल दगडावर बसला. टक्क.

वहिनीने डोळे मिटले. हाच तो आवाज. आता शिट्टी वाजणार. वन्सं पुन्हा खालीच उभ्या राहणार, आणि वर कुणीतरी कण्हत पडणार.

"थांब," आप्पा म्हणाले. "टेकलाय नुसता. पोरी, दे रेस." एवढ्या लांबून वन्संना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण इंजिन घुमलं. जीप थरथरली, मागचं वळण दगडाच्या कडेवर पाय ठेवावा तसं टेकलं, आणि आवाज आला. खर्रर्रर्र. सबंध दगडभर, सावकाश, शेवटपर्यंत. वहिनीने डोळे उघडले तेव्हा जीप म्हशीच्या अलीकडे उभी होती. दोन्ही शॉक जागच्या जागी होते.

शिट्टीवाले खाली उतरले, जीपखाली वाकून टॉर्चने पाहिलं, बोटाने कान हलवून पाहिले. दोन्ही पक्के. "बाई," ते वन्संना म्हणाले, "उद्यापासून तुमचा फोन बंद राहता कामा नये. कधीही बोलावीन."

वन्संनी आधी हुंदका दिला, मग वहिनीच्या पाठीत धपाटा घातला. वहिनीने तो परत केला. अहो म्हणाले, "बरं झालं," जे त्यांच्या मानाने भाषणच झालं. नव्या कोऱ्या गाडीवाला गृहस्थ जवळ येऊन असे पत्रे कुठे मिळतात म्हणून चौकशी करू लागला. वहिनी एवढी बोलत होती की कुणालाच काही कळत नव्हतं.

आप्पा मात्र दिसेनात. मग जीपच्या मागे दोन पाय दिसले. म्हातारा जमिनीवर उताणा पडून जीपखाली शिरला होता. वहिनी खाली वाकून त्यांच्याशेजारी शिरली. आप्पा सपातेच्या तळावरून अंगठा फिरवत होते. ज्यांनी आयुष्यात एक ओरखडा दाराबाहेर जाऊ दिला नाही, ते ओरखड्यांवरून हळूहळू बोट ओढत होते.

"हे बघ," ते म्हणाले. "यातले माझे कुठले आणि पोरीचे कुठले, मला सांगता येईना."

वहिनीने पाहिलं. खरंच येत नव्हतं. जुन्या उंबऱ्यांचे आणि आजच्या दगडांचे, सगळे एकमेकांत मिसळले होते. आप्पांचं बोट मागच्या टोकाकडे गेलं. तिथे सगळे ओरखडे ताजे, चमकते होते. त्यांनी वळण नखाने टोकरून पाहिलं, तडा कुठे आहे का ते शोधलं. नव्हता.

"हे मात्र तुझे," ते म्हणाले.

वरून वन्संचा आवाज आला, "वहिनी गप्प का आहेत, कुणीतरी बघा रे, बेशुद्ध पडल्यात की काय."

आप्पा कोपरावर रेलून बाहेर सरकायला लागले. अर्ध्यात थांबून म्हणाले, "उद्या चिवट पत्रा आणायला सांग. तिजोऱ्यांना नवी सपात लागेल. तूच वळव. आणि दोन्ही टोकं वळव."